टँग माशावरचे पांढरे ठिपके आपोआप गेले, तरी कॉपरचं (तांब्याचं) औषध घालावं का?

माहीमकर
नमस्कार मंडळी. सल्ला हवाय आणि जरा घाईने हवाय.

घरी २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, गेल्या गणपतीपासून चालू. लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड), थोडे सॉफ्ट कोरल, एक क्लीनर श्रिम्प, काही गोगलगायी. मासे म्हणजे दोन क्लाउन आणि एक रॉयल ग्रामा. त्यात अलीकडेच एक पावडर ब्ल्यू टँग आणून थेट सोडला. बुधवारी त्याच्या परांवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, मोजता येतील असे. दगडाला अंग घासत होता. शुक्रवारी रात्री ठिपके वाढले आणि शनिवारी सकाळी बघतो तर जवळजवळ सगळे गायब! क्लाउन आणि ग्रामावर काहीच नाही.

जिथून मासा आणला ते म्हणाले, बरा झाला, तरी खबरदारी म्हणून हे घाला, आणि निळ्या औषधाची बाटली दिली. कॉपर आहे एवढंच लिहिलंय, किती तीव्रतेचं ते नाही. टँकमध्ये घालू का? सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा, विशिष्ट घनतेत) १.०२५, तापमान दुपारी ३०, अमोनिया आणि नायट्राइट शून्य.

आणखी एक. सासरे म्हणतात, समुद्र इतका जवळ आहे तर किनाऱ्यावरून ताजं पाणी आणून बदल, मासा तरतरीत होईल. करू का?

गच्चीवरचा
मुख्य टँकमध्ये ती बाटली अजिबात उघडू नका. श्रिम्प, गोगलगायी आणि कोरल कॉपरने मरतात. शिवाय लाइव्ह रॉक आणि कोरल वाळू कॉपर शोषून घेतात, त्यामुळे पाण्यात किती उरलं ते हातात राहत नाही.

माहीमच्या किनाऱ्याचं पाणीही नको. तिथे मिठी नदी खाडीला मिळते, सगळ्या शहराचं सांडपाणी घेऊन. सासऱ्यांना सांगा, आरओच्या पाण्यात चांगलं मीठ कालवलेलं बरं.

बाकी रोगाचं सूक्ष्मदर्शी ताई सांगतील.

सूक्ष्मदर्शी
माहीमकर, औषधाचं नंतर बोलू. आधी ह्याची उत्तरं द्या. टँग पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) झोतात तोंड घालून उभा राहतो का? कल्ले मिनिटाला किती वेळा हलतात, घड्याळ लावून मोजा. खातो का? खोलीतला दिवा बंद करून टॉर्च बाजूने तिरका मारा, अंगावर बारीक सोनेरी भुकटी दिसते का बघा. क्लाउनच्या अंगावर पांढरट चिकट थर किंवा सुटलेली साल आहे का?

माहीमकर
ताई, झोतात उभा राहत नाही. नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) खातोय, क्लिपवरून ओढून. कल्ले ७० ते ८० च्या दरम्यान. टॉर्चने भुकटी दिसली नाही. क्लाउन स्वच्छ आहेत.

सूक्ष्मदर्शी
मग जीव भांड्यात पडला. वेल्व्हेट हा परजीवी असता तर आपण आता तासांच्या हिशेबात बोलत असतो. वेल्व्हेट, म्हणजे अमायलूडिनियम, आधी कल्ल्यांत बसतो. अंगावर काही दिसायच्या आत मासा धापा टाकायला लागतो, खाणं सोडतो, प्रवाहात जाऊन उभा राहतो, आणि एक-दोन दिवसांत जातो. म्हणून मी ठिपके नंतर बघते, श्वास आधी. कल्ले मिनिटाला शंभराच्या वर गेले तर मी वाट बघत नाही. क्लाउनची साल सुटत असती तर संशय ब्रुकलिनेला या दुसऱ्या परजीवीचा, त्यावर कॉपर चालतच नाही, फॉर्मालिनचा डिप लागतो.

तुम्ही सांगताय त्यावरून हा खाऱ्या पाण्याचा इक, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आहे, परजीवी क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे हा प्राणी काचेखाली पाहिलाय. कव्हरस्लिपची कड परावर हलकेच ओढून चिकट स्राव घ्यायचा, टँकच्याच पाण्याचा थेंब टाकायचा, गोड्या पाण्याचा नाही, नाहीतर बघायच्या आत तो फुटतो. गोल, गडद, कडेला केसांची झालर आणि एका जागी संथपणे गरगरत असतो. अमायलूडिनियम पेरूच्या आकाराचा असतो आणि अजिबात हलत नाही. ब्रुकलिनेला बदामाच्या आकाराचा, सरळ पळतो. शाळेतला साधा मायक्रोस्कोप चालतो, चाळीस-शंभर पट पुरे. तुमच्या ओळखीत कुणी सायन्सचे शिक्षक असतील तर विचारा. एकदा डोळ्यांनी पाहिलं की बाटली निवडताना हात थरथरत नाही.

आता 'बरा झाला' याबद्दल. ठिपके गेले म्हणजे किडे मेले असं नाही, ते मासा सोडून वाळूत उतरले. तुम्हाला दिसत होता तो ठिपका म्हणजे कातडीच्या थराखाली बसून खाणारा परजीवी. तिथे तो साधारण तीन ते सात दिवस राहतो. पोट भरलं की अंग सोडतो, आणि बहुधा अंधारात सोडतो, म्हणून शुक्रवारी रात्री भरपूर आणि शनिवारी सकाळी गायब. तळाशी जाऊन भोवती कवच करतो. आत त्याचे तुकडे होत होत एकातून दोनशेपर्यंत नवे तयार होतात. बरीचशी कवचं काही दिवसांत फुटतात, काही मात्र आठवडेच्या आठवडे थांबून राहतात. बाहेर आलेल्यांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरतात. पण तुमचा टँग रात्री दगडाच्या त्याच कपारीत झोपतो, आणि कवचंही तिथेच पडलेली. पुढच्या खेपेला ठिपके जास्त येतात, ते यामुळे.

औषध लागू पडतं फक्त त्या पोहणाऱ्यांना. कातडीखालच्याला नाही, कवचातल्याला नाही. लसूण, क्लीनर श्रिम्प किंवा गोड्या पाण्याच्या माशांसाठी मिळणारं मेथिलीन ब्ल्यू यांनी इक बरा झाला असं जे लोक छातीठोक सांगतात, त्यांनी बहुतेकदा ठिपके उतरायच्या दिवसाला उपाय केलेला असतो.

करायचं ते असं. चारही मासे बाहेर काढा, ठिपके नसलेले क्लाउन आणि ग्रामासुद्धा, कारण त्यांच्या कल्ल्यांत किडे असू शकतात. ८०-१०० लिटरचा साधा टँक किंवा नवा प्लास्टिकचा टब घ्या. वाळू नाही, दगड नाही. लपायला प्लंबरकडचे पीव्हीसीचे एल्बो, स्पंज फिल्टर, एअर पंप. कार्बन काढून ठेवा, तो कॉपर ओढून घेतो. आणि ती बिननावाची बाटली परत करा. कॉपर दोन प्रकारचं असतं. साध्या कॉपर सल्फेटचं प्रमाण ०.१५ ते ०.२० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) ठेवतात, चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रसायनाने बांधलेल्या कॉपरचं २.० ते २.५. दहा पटीहून जास्त फरक आहे. बाटलीवर प्रकारच नसेल तर एकतर किडे जगतील, नाहीतर मासे मरतील.

मी चिलेटेड वापरते, टँग ते जास्त सोसतो. पहिल्याच दिवशी पूर्ण डोस नको, दोन-तीन दिवसांत चढवत न्या, तोवर खाणं चालू आहे ना यावर लक्ष. मोजायला चांगलं मीटर घ्या, थेंबांच्या किटमधले दोन निळे ओळखण्यात डोळे फसतात. प्रमाण गाठलं की ३० दिवस खाली येऊ द्यायचं नाही. मध्येच एक दिवस जरी घसरलं तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून. पाणी बदलताना नव्या पाण्यातही तितकंच कॉपर आधी घालून मोजा. या टबात अमोनिया चढतोच, त्यामुळे पाणी वारंवार बदलावं लागेल, पण कॉपर असताना अमोनिया बांधणारी औषधं मात्र घालू नका, दोन्ही मिळून माशाला विषारी होतात.

एक मनापासून सांगते, राग मानू नका. २०० लिटर पावडर ब्ल्यूला कमी आहे. हा मासा हिंदी महासागरातल्या प्रवाळ खडकांवर दिवसभर फिरत चरणारा. टँगना इक लवकर धरतो, आणि अडचणीत ठेवलेल्या टँगला वारंवार. बरा झाल्यावर मोठा टँक असणारं कुणी बघा.

खारदांडा
ताईंच्या निदानाला हात जोडून, पण मला कॉपरची भीती वाटते. मी हायपो करतो. वेगळ्या टँकमध्ये सॅलिनिटी १.००९ ला आणून ३० दिवस ठेवायची. मासा निवांत खातो, औषध काही नाही, आमच्या घरात लहान मूल आहे म्हणूनही मला हे बरं वाटतं. फक्त रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं भिंगाचं यंत्र) ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मिठाच्या) द्रावणाने जुळवून घ्यायचा. काट्याच्या प्लास्टिक हायड्रोमीटरवर विसंबून १.०१२ वर राहिलात तर सगळी मेहनत वाया.

सूक्ष्मदर्शी
खारदांडा, इकची खात्री असेल तर हायपो चांगलाच उपाय आहे, माझं काही म्हणणं नाही. पीएच खाली जातो तेवढं रोज बघावं लागतं. पण वेल्व्हेटला कमी क्षारता मुळीच बाधत नाही, आणि सुरुवातीला दोघांची गल्लत होते. माहीमकरांनी स्लाइड पाहिलेली नाही, म्हणून मी दोन्हींवर चालणारं औषध सांगितलं. स्लाइडवर गरगरणारा दिसला तर तुमचा मार्ग बेलाशक घ्यावा.

गच्चीवरचा
मुंबईच्या हवेबद्दल एक भर घालतो. ३० अंशाला खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन जेमतेम सहा मिलिग्रॅम प्रति लिटर मावतो, आणि कल्ले खराब झालेल्या माशाला तो आधीच अपुरा. टबावर छोटा पंखा लावा, पाणी एक-दोन अंश उतरतं. त्याने पाणी उडून खारटपणा वाढतो, म्हणून रोज आरओचं साधं पाणी घालून पातळी राखा. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट गेली की पहिला बंद पडतो तो एअर पंप. बॅटरीवरचा पंप जोडून ठेवा, आणि रात्री चालतो का ते आधी प्लग काढून तपासा.

आणि दोन्ही टँकची जाळी, बादली, नळी वेगळी ठेवा. एका थेंबातूनही रोग जातो. वेल्व्हेट तर बुडबुड्यांच्या फवाऱ्यातून शेजारच्या टँकमध्ये गेल्याचं नोंदलं गेलंय, म्हणून टब दुसऱ्या खोलीत असलेला बरा.

माहीमकर
सगळ्यांचे आभार. मासे काढले. ग्रामा दगडाच्या भोकातून निघता निघेना, शेवटी तो दगडच उचलून बादलीवर धरला तेव्हा बाहेर आला. मेव्हणी शाळेत शिकवते, तिच्या प्रयोगशाळेत स्लाइड पाहिली. गोल, गडद, संथ गरगरणारा! ताई, अगदी तुम्ही लिहिलंत तसाच. चिलेटेड कॉपर आणि मीटर मागवलंय, टँग अजून नोरी खातोय. मोठ्या टँकवाल्यांचाही शोध सुरू केलाय.

आता रिकाम्या टँकचं काय? किती दिवस माशांशिवाय ठेवायचा? आणि मासेच नसतील तर फिल्टरमधले बॅक्टेरिया मरणार नाहीत का?

सूक्ष्मदर्शी
स्लाइड पाहिलीत हे फार छान केलंत. मेव्हणीबाईंना माझा नमस्कार सांगा. आता हायपोचा मार्गही तुम्हाला मोकळा आहे. पण कॉपर मागवलंच आहे तर तेच नीट पूर्ण करा, मध्येच एकावरून दुसऱ्यावर जाऊ नका.

मुख्य टँक ७६ दिवस माशांशिवाय ठेवायचा, उशिरा फुटणारी कवचंही त्यात संपतात. उबदार पाण्यात कमी दिवस पुरतात म्हणणारे आहेत, मी मात्र पूर्ण ठेवते. श्रिम्प, गोगलगायी आणि कोरल तिथेच राहू द्या, त्यांना हा रोग होत नाही. बॅक्टेरियांची काळजी नको. दर दोन दिवसांनी चिमूटभर खाद्य किंवा कोळंबीचा नखाएवढा तुकडा टाका, श्रिम्पही खाईल आणि अमोनियाही चालू राहील. लाइट, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) नेहमीसारखे. त्या मुदतीत नवा कोरल, नवी गोगलगाय, दुसऱ्याच्या टँकमधला दगड काहीही आत घालायचं नाही, कारण कवच शंखाला चिकटूनही येतं. घातलंत तर त्या दिवसापासून ७६ मोजायचे.

३० दिवसांनंतर ७६ पुरे होईपर्यंत मासे त्याच टबात ठेवा, फक्त पाणी बदलून आणि कार्बन घालून कॉपर काढून टाका. ते दिवस फार महत्त्वाचे, कारण औषध नसताना ठिपके परत येतात का ते तेव्हाच कळतं. रोज सकाळी दिवा लावल्यावर लगेच टँगचे पर बघा आणि कल्ले मोजा. काही दिसलं तर फोटो इथे टाका.