सोलरची टाकी हलवायचीय, मिस्त्री म्हणतो खालीच असूदे

वडगावकर:
बेळगावात वडगावला जुनं घर. खाली दोन माग, वर आम्ही. गच्चीवर २०० लिटरचा सोलर, दोन काळ्या पॅनेलचा, अकरा वर्षं झाली. धाकट्या भावासाठी वर खोली काढतोय, ती नेमकी सोलरच्या जागेवर. मिस्त्री म्हणतो, "पॅनेल नव्या स्लॅबवर चढवू, टाकी खालीच असूदे की मालक, वजन कशाला?" आईचं वेगळंच. आत्ताच गरम येईपर्यंत तांब्यामागून तांब्या गार सोडावं लागतं, आता अजून किती? नळाला पाणी रोज नाही. काय करायचं सांगा बघू.

गच्चीवरचा:
मिस्त्रीला चहा पाजून घरी पाठवा. पंप नाही ना? मग पाणी तापून हलकं होतं, पॅनेलच्या वरच्या तोंडातून टाकीत चढतं, टाकीच्या तळाचं गार पाणी पॅनेलला उतरतं. फिरणं एवढंच. टाकी खाली ठेवलीत तर पॅनेल तापून लाल आणि टाकी थंडगार. टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा वीतभर वर हवा. गार पाण्याची टाकी त्याहून उंच, म्हणजे तीही चढवा. हा खर्च सांगितलाय का त्यानं? हवेचा उभा पाइप गार टाकीतल्या पाण्याहून वर न्या, नाहीतर गच्चीवर धार लागेल.
तोंड दक्षिणेला. पण तिकडं जिन्याची खोली नको. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य पन्नासेक अंशांवरच असतो, आठ फुटी भिंतीची सावली साडेसहा फूट पडते.

खानापूरची सून:
आईंचं कुणी बघितलंच नाही! पाऊण इंची पाइपात मीटरला साधारण ३०० मिली पाणी बसतं. आमच्याकडे टाकी ते न्हाणी १६ मीटर, म्हणजे रोज पाचेक लिटर गार. मी कळशी लावते, भांड्यांना होतं. पाइप जवळच्या वाटेनं उतरवा, वर फोम गुंडाळा. आणि बंब मोडीत घालू नका, पावसाळ्यात सोलर नुसता शोभेचा. आमचा तांब्याचा होता, मीच घातला. सासूबाई अजून ऐकवतात.

वडगावकर:
मिस्त्री ऐकेना. "नळातनं गरम पाणी उतरतंयच की." मग दुपारी पॅनेलच्या दोन्ही पाइपांना हात लावायला लावला. वरच्याला चटका बसला, खालचा कोमट. गप्प झाला. आता लोखंडी स्टँडचा भाव काढायला गेलाय.

गच्चीवरचा:
पाणी काढल्यावर रिकामी पॅनेलं उन्हात उघडी टाकू नका, ताडपत्री घाला. परत भरताना पहाटेच भरा.