दुबई: खातं नाही म्हणून चेक नाही, चेक नाही म्हणून घर नाही. मदत हवी आहे (घाई आहे)

पेठकर_परदेशी, सकाळी 9:10
नमस्कार मंडळी. डोकं फिरलंय, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. दुबईत घर शोधतोय. करामात एक स्टुडिओ आवडला, दलालाशी बोलणं झालं, भाडंही जमतंय. आता मालक म्हणतो वर्षाचं भाडं चार चेकमध्ये, आणि चारही पुढच्या तारखांचे चेक आत्ताच हातात हवेत. माझ्याकडे इथलं चेकबुक नाही. बँकेत गेलो तर काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "एमिरेट्स आयडी?" (म्हणजे इथलं रहिवासी ओळखपत्र.) नाही म्हटलं तर पुढच्या माणसाला हाक मारली. पैसे आहेत हो माझ्याकडे! ऑनलाइन पाठवतो म्हटलं तर दलाल हसला. भारतातल्या बँकेचे चेक चालतील का? शुक्रवारपर्यंत टोकन द्यायचंय. लवकर सांगा.

वाळूचा_किल्ला, 9:22
व्हिसा कुठला?

शारजाचा_सातारी, 9:31
त्या चेकमध्ये भेळ बांधून देतील. चेक इथल्याच बँकेचा आणि दिरहमचाच लागतो. माझं ऐका, दुबईचा नाद सोडा आणि शारजाला या. त्याच भाड्यात बेडरूम वेगळी मिळते. आठ वर्षं आहे मी इथे, काही अडत नाही.

करामाकर_2006, 9:40
आठ वर्षांतली चार शारजा-दुबईच्या अल इत्तिहाद रोडवर, ट्रॅफिकमध्ये गाडीत बसून काढली असतील, ते सांगा की त्यांना.
पेठकर, इथे चेक हा खेळ नाही. पूर्वी चेक वटला नाही की थेट पोलीस केस. आमच्या बिल्डिंगमधला एक जण ईदच्या आधी आत गेला होता. सही करण्याआधी दहा वेळा विचार करा.

वाळूचा_किल्ला, 9:44
काका, ते जुनं झालं. जानेवारी 2022 पासून नुसते पैसे कमी होते म्हणून चेक परतला तर सहसा फौजदारी होत नाही, वसुली थेट कोर्टाच्या अंमलबजावणी विभागाकडून होते. फसवणूक केली तर गोष्ट वेगळी. पण त्यांच्याकडे चेकच नाहीत, तर बाउन्स कशाचे होणार?
पेठकर, व्हिसा कुठला??

पेठकर_परदेशी, 9:58
व्हिसाचा काय संबंध? मी आयटीत आहे, लॅपटॉपवर काम करतो. कंपनी पुण्याची आहे. डिजिटल नोमॅड म्हणतात ना, तसं.

आकडेमोडे_सीए, 10:05
संबंध आहे. तुम्ही स्वतःला काय म्हणवता ते सोडा, पासपोर्टवर काय आहे ते सांगा. आणि करबिर वाचवण्यासाठी आला असाल तर आधीच सांगतो, पगार पुण्याच्या कंपनीचा आणि जमा होतोय भारतातल्या खात्यात, तर तो साधारणपणे भारतातच करपात्र. नुसतं दुबईत येऊन राहिलं म्हणून तो सुटेल असं धरू नका.

पेठकर_परदेशी, 10:09
कराचं मी विचारलंच नाही. चेकचं विचारलंय.

माहेरची_साडी, 10:15
नवीन आहात म्हणून सांगते, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात पण कॉल लागत नाही. आई घाबरते मग. बोटिम हे कॉलचं अ‍ॅप टाकून घ्या, तिच्याही फोनवर टाकायला सांगा. माझ्या सासूबाईंना शिकवायला तीन दिवस लागले, आता रोज रात्री आठला स्वतःच लावतात. झूम आणि टीम्स मात्र चालतात.

शारजाचा_सातारी, 10:18
व्हीपीएन टाका, सगळं चालतं.

वाळूचा_किल्ला, 10:20
भलते सल्ले देऊ नका. व्हीपीएनने इंटरनेटवरची ओळख लपवून गुन्हा केला तर दंडाचा आकडा 5 लाख दिरहमपासून सुरू होतो. "गुन्हा" या शब्दात काय काय बसतं ते वकिलाला विचारावं, शारजाच्या साताऱ्याला नाही.

पेठकर_परदेशी, 10:34
बरं, सांगतो. 60 दिवसांच्या टुरिस्ट व्हिसावर आलोय. 19 दिवस झाले. अल रिग्गाला मित्राच्या मित्राच्या फ्लॅटमध्ये पार्टिशनमध्ये आहे. हॉलमध्ये प्लायवूड उभं करून चार खोपटी केली आहेत, माझ्या वाट्याला पलंग आणि अर्धी खिडकी. पुण्यात साडेनऊची मीटिंग म्हणजे इथे सकाळी आठ. तेव्हाच पलीकडचा भाऊ मिक्सर लावतो. मॅनेजर परवा म्हणाला, "तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का?" म्हणून स्वतःचं घर हवंय, वर्षभरासाठी.

करामाकर_2006, 10:41
अरे देवा. आधी त्या पार्टिशनमधून निघा. 2025 च्या जूनपासून पालिकेने अल रिग्गा, मुरक्काबात, सातवा, बरशा, रफ्फा या भागांत पार्टिशनवर मोहीम काढली आहे. प्लायवूड उखडून नेतात. रात्री अकराला बॅग घेऊन रस्त्यावर उभं राहायचंय का?

वाळूचा_किल्ला, 10:47
आता समजलं. टुरिस्ट व्हिसावर वर्षाचं घर, चेकबुक, एजारी (भाडेकराराची सरकारी नोंदणी), यातलं काही सरळपणे होणार नाही. साखळी अशी आहे: निवासी व्हिसाचा अर्ज, मग मेडिकल (रक्त आणि छातीचा एक्स-रे), मग एमिरेट्स आयडी, मग बँक, मग चेक, मग भाडेकराराची एजारीत नोंद, मग देवाकडून वीज-पाणी. तुम्ही शेवटच्या कडीला लटकून पहिली खेचताय. बँकेतली मुलगी उद्धट नव्हती, तिच्याकडे दुसरा प्रश्नच नव्हता.
तुमच्यासारख्यांसाठी 2020 पासून दुबईचा वेगळा रिमोट वर्क व्हिसा आहे, एक वर्षाचा. परदेशी कंपनीत नोकरी असल्याचा पुरावा, बँकेची स्टेटमेंट, इथे चालणारा आरोग्य विमा, आणि महिन्याला किमान 3,500 डॉलर उत्पन्न. पगार किती?

शारजाचा_सातारी, 10:49
देवाकडून? मूर्तीबिर्ती पुजायची का?

वाळूचा_किल्ला, 10:50
डीईडब्ल्यूए हो, दुबईची वीज-पाणी कंपनी. फ्लॅटला 2,000 दिरहम अनामत. आठ वर्षं शारजात काढल्याचा हा पुरावा.

पेठकर_परदेशी, 11:02
2 लाख 10 हजार. हातात नाही, एकूण.

आकडेमोडे_सीए, 11:08
3,500 डॉलर म्हणजे 12,850 दिरहमच्या आसपास, दर डॉलरला 3.6725 बांधलेला आहे. रुपयात बघाल तर तुमच्या पगारात अजून अर्धा पगार घालावा लागेल. त्यामुळे तो व्हिसा आत्ता तुमच्यासाठी नाही. आणि एक विचारायचं राहिलं. कंपनीला माहीत आहे का तुम्ही कुठे बसून काम करताय?

फ्रीझोन_फॅन, 11:15
एवढं कशाला? एखाद्या फ्री झोनमध्ये (परदेशी धंद्यांसाठीचं खास क्षेत्र) फ्रीलान्स परमिट काढा, त्यावर व्हिसा होतो. मी केलंय. आधी खर्च होतो, पण मग आयडी, खातं, चेकबुक, सगळं रांगेत येतं.

वाळूचा_किल्ला, 11:19
ते फ्रीलान्सर आहेत का? पूर्णवेळ नोकरी आहे. फ्रीलान्स परमिट काढलं तर पुण्याच्या करारात "दुसरा व्यवसाय करणार नाही" हे कलम असणार, त्याचं काय?

फ्रीझोन_फॅन, 11:21
कोण वाचतं कलमं.

आकडेमोडे_सीए, 11:23
काढून टाकताना वाचतात.

पेठकर_परदेशी, 11:40
मॅनेजरला माहीत आहे. एचआरला नाही. त्याने सांगितलं, काम होतंय तोवर बोलू नकोस.

माहेरची_साडी, 11:46
माझे मिस्टर अशाच कंपनीत होते. क्लायंटच्या करारात डेटा भारताबाहेर उघडायचा नाही असं लिहिलेलं होतं. एके दिवशी लॉगिन दुसऱ्या देशातून दिसलं, लॅपटॉप दूरूनच बंद झाला. दोन दिवस चौकशी. मॅनेजरने मेलमध्ये काय लिहिलं? "मला कल्पना नव्हती." तुम्ही त्याच्याकडून लेखी घेतलंय का काही?

करामाकर_2006, 11:52
आणि कफ सिरप किंवा झोपेच्या गोळ्या भारतातून आणल्या असतील तर प्रिस्क्रिप्शन जवळ ठेवा. कोडीन आणि ट्रामाडॉलला इथे आधी परवानगी लागते.

पेठकर_परदेशी, 11:55
काका, मला खोकलाही नाहीये.

वाळूचा_किल्ला, 12:04
हे बघा पेठकर, शुक्रवारचं टोकन देऊ नका. टुरिस्ट आहात हे माहीत असूनही दलाल वर्षाचा करार पुढे करत असेल तर टोकन परत मिळायची आशा सोडा. उरलेले दिवस महिन्याच्या भाड्याने हॉलिडे होम, म्हणजे पर्यटकांना देतात ते सामानासकट घर, घ्या. पासपोर्टवर मिळतं, कार्डने पैसे, वीज-वायफाय आत. पर्यटन खात्याचा परमिट क्रमांक विचारा, तो नसेल तर निघा. रात्रीला दर बेडरूममागे 10 ते 15 दिरहम टुरिझम फी वर लागते, ती भाड्यात धरली आहे का तेही विचारा. बर दुबईत मीना बाजारच्या बाजूला जुन्या इमारतींत बरी मिळतात. ओव्हरस्टे, म्हणजे व्हिसाच्या मुदतीपेक्षा जास्त मुक्काम, होऊ देऊ नका, दिवसाला 50 दिरहम दंड आहे.

शारजाचा_सातारी, 12:10
शारजात पण मिळतात.

आकडेमोडे_सीए, 12:12
मिळतातच हो, सातारी. सगळं शारजात मिळतं.

पेठकर_परदेशी, संध्याकाळी 7:35
टोकन दिलं नाही. दलालाने आधी गोड बोलून, मग "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" म्हणून, शेवटी फोन आपटून विषय संपवला. बर दुबईत एका महिन्याची खोली बघून आलो. खाडी ओलांडणाऱ्या अब्ऱ्याच्या (होडीच्या) धक्क्यापासून पाच मिनिटं, एका दिरहममध्ये पलीकडे. टेबल आहे, खुर्ची आहे, दार बंद होतं. परमिट नंबर भिंतीवर लावलेला होता, फोटो काढून घेतला. एचआरला मेल लिहून ठेवलाय, पाठवला नाही अजून. मॅनेजरला आधी फोन करावा का?

आकडेमोडे_सीए, 7:41
फोन नको. मेलच करा, त्याला सीसीमध्ये ठेवून.

करामाकर_2006, 7:50
खोलीत एसी कसला आहे? जुन्या इमारतीत खिडकीचा डबा असेल तर रात्री चालू करून बघा. मिक्सरपेक्षा मोठा आवाज असतो त्याचा.

पेठकर_परदेशी, 7:58
ते बघायचं राहिलं. उद्या सकाळी आठला जातो, मीटिंगच्या वेळेला.