स्वेटर, जर्सी, कार्डिगन, झंपर : नावं कुठून आली, मराठीत लिहायची कशी?

भाषांतरकर्ती :
बायकांच्या फॅशनमधल्या स्वेटरचा इतिहास सांगणारा एक लेख मराठीत आणतेय आणि पहिल्याच परिच्छेदात अडकलेय. मूळ मजकुरात एकाच पानावर स्वेटर, जर्सी, जंपर, पुलोव्हर, कार्डिगन, ट्विनसेट असे सहा शब्द आहेत. आपण मराठीत सगळ्यांना स्वेटरच म्हणतो. पुढून बटणं असली तरी स्वेटर, डोक्यातून घातला तरी स्वेटर, बाह्या नसल्या तर बिनबाह्यांचा स्वेटर.

दुसरी अडचण 'निटवेअर'ची. मी 'विणलेले कपडे' लिहिलं, तर संपादक म्हणाले, "चादरसुद्धा विणलेलीच असते की!" मग 'लोकरीचे कपडे' केलं, तर सुती जर्सीचं कापड बाहेर पडतं. काय करू?

उलटसुलट :
ताई, संपादकांचं खरं आहे. आपलं 'विणणे' हे क्रियापद फार मोठ्या मनाचं आहे. माग, टोपली, बाज, कोळ्याचं जाळं आणि स्वेटर, सगळ्यांना तेच. पण तुमच्या लेखाचा जीव नेमका या फरकातच आहे, म्हणून तो सुरुवातीलाच एकदा फोडून सांगा.

मागावरच्या कापडात उभे धागे ताणून बसवलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्या खालून-वरून जातो. ते कापड फारसं ताणलं जात नाही. अंगाला बसवायचं तर कापावं लागतं, चुण्या घालाव्या लागतात, शिवावं लागतं. सुयांवरच्या विणकामात एकच धागा फंद्यात फंदा, म्हणजे टाक्यात टाका, अडकवत पुढे जातो. फंदा ताणला की लांबतो, सोडला की जागेवर येतो. म्हणून स्वेटर अंगाबरोबर वाकतो, हलतो. कॉर्सेटमध्ये, म्हणजे कंबर आवळणाऱ्या ताठ आतल्या कपड्यात, जखडलेल्या बाईला असा कपडा मिळणं म्हणजे काय असेल, याचा विचार करा. माझ्या मते विसाव्या शतकातली स्वेटरची सगळी कहाणी या फंद्याची आहे, लोकरीची नाही. ऊब तर शालही देत होती.

तेव्हा पहिल्यांदा 'सुयांवर किंवा यंत्रावर टाक्यांनी विणलेले कपडे' असं लांबलचक लिहा, आणि पुढे बिनधास्त 'विणलेले कपडे' म्हणा. 'यंत्रावर' मुद्दाम म्हटलं. टाके घालणारं यंत्र नवं नाही, इंग्लंडमध्ये विल्यम ली याने पायमोजे विणायची चौकट १५८९ मध्ये केली होती.

कोशकिडा :
आता नावांकडे वळू. 'स्वेटर'चं मूळ घामात आहे. एकोणिसाव्या शतकात खेळाडू घाम गाळून वजन उतरवण्यासाठी जाड लोकरीचा अंगरखा घालत, तो स्वेटर. म्हणजे थंडी घालवणारा नव्हे, घाम काढणारा. गंमत अशी की इंग्रजीतला 'स्वेट' आणि आपला संस्कृतातून आलेला 'स्वेद' हे एकाच प्राचीन धातूतून निघालेले चुलतभाऊ आहेत. त्यामुळे कोणी शुद्धीचा आग्रह धरून 'स्वेदवस्त्र' सुचवलं, तर त्याला सांगा की स्वेटरमध्ये स्वेद आधीच आहे.

'जर्सी' हे इंग्लिश खाडीतल्या बेटाचं नाव. आपल्याला माहीत असलेली जर्सी गायही तिथलीच. बेटावर विणकामाचा मोठा धंदा होता, कोळी आणि खलाशी तिथले दाट विणीचे लोकरी सदरे घालत. शेजारच्या गर्न्झी बेटाचंही नाव अशाच सदऱ्याला पडलं. लिली लँगट्री ही नटी जर्सी बेटावरची, तिला 'जर्सी लिली' म्हणत. १८७०-८० च्या सुमारास तिच्यामुळे अंगासरशी बसणारा विणलेला पोशाख लंडनच्या उच्चभ्रू बायकांत आला. खलाशाचा सदरा बाईच्या अंगावर आला तो असा.

'कार्डिगन' थेट रणांगणावरून आलं. कार्डिगनचा सातवा अर्ल जेम्स ब्रूडनेल याने क्रिमियाच्या युद्धात, २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हाच्या लढाईत, हलक्या घोडदळाचा तो कुप्रसिद्ध हल्ला केला. पुढून उघडणाऱ्या विणलेल्या बंडीला त्याचं नाव चिकटलं. त्याच युद्धातला ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन. त्याचा उजवा हात वॉटर्लूला गेला होता. गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी शिवण असलेल्या बाहीला आजही रॅग्लन म्हणतात. आणि इंग्रजीत जिला 'बालाक्लाव्हा' म्हणतात ती आपली माकडटोपी. एका युद्धाने विणकामाला तीन शब्द दिले, आणि आपण त्यातल्या टोपीला माकडाचं नाव देऊन मोकळे झालो!

उलटसुलट :
काका, माकडटोपी हा भाषांतराचा उत्तम नमुना आहे, नावं ठेवू नका.

आजीची पेटी :
'जंपर' राहिला. आपल्याकडे जुन्या बायका ब्लाउजला 'झंपर' म्हणायच्या, आठवतं? पोलकं, झंपर, ब्लाउज असे शब्द शेजारी शेजारी नांदत. तो हाच. आज ब्रिटनमध्ये जंपर म्हणजे डोक्यातून घालायचा स्वेटर, आणि अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ ब्लाउजवर घालायचा बिनबाह्यांचा झगा. पण १९२० च्या आसपास ब्रिटनमध्ये बायकांचा जंपर म्हणजे डोक्यातून घालून स्कर्टवर मोकळा सोडायचा सैल ब्लाउज, कधी शिवलेला, कधी विणलेला. तिकडे पुढे त्यातला विणलेला अर्थ उरला. आपल्याकडे शिवलेला राहिला. म्हणून लेखात 'जंपर' लिहिताना जपून. एखाद्या वाचणाऱ्या आजींना तो चोळीच वाटेल.

भाषांतरकर्ती :
झंपरचं डोक्यातच आलं नव्हतं! तळटीप नक्की देते. आता आणखी दोन जागा. फ्रेंच फॅशनकार शानेलबद्दल लिहिलंय की तिने 'जर्सी' वापरली. इथे जर्सी म्हणजे सदरा ना?

उलटसुलट :
नाही, इथे घोटाळा होईल. इथे जर्सी म्हणजे कापड. यंत्रावर विणलेलं, ताग्याने मिळणारं, तोवर मुख्यतः पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी वापरलं जाणारं साधं कापड. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ च्या सुमारास, शानेलने रोदिये या उत्पादकाकडून ते घेतलं आणि त्यातून बायकांचे बाहेर घालायचे पोशाख शिवले. त्या काळच्या उंची फॅशनमध्ये हे आतलं बाहेर काढण्यासारखंच होतं. 'तिने जर्सी घातली' असं झालं तर सगळी गंमत जाईल. 'जर्सीचं कापड' असंच लिहा.

भाषांतरकर्ती :
आणि पॅरिसमधली फॅशनकार स्कियापारेल्ली हिच्या १९२७ च्या स्वेटरबद्दल मी लिहिलंय, 'काळ्या स्वेटरच्या गळ्याशी पांढरा बो लावलेला'. बरोबर?

उलटसुलट :
चूक, आणि नेमकी मोठी चूक. तो बो लावलेला नाहीच. तो विणीतच आहे, पांढऱ्या धाग्याने काढलेला, बघणाऱ्याला बांधलेला वाटतो इतकंच. म्हणून तर तो गाजला. पॅरिसमधल्या आर्मेनियन विणकर बायकांनी दोन रंगांचे धागे एकत्र घेऊन तो विणला, त्यामुळे वीण दाट झाली आणि स्वेटर ओघळला नाही. ज्यांनी कधी दोन रंगांत विणलंय त्यांना कळेल की मागच्या बाजूला धागे लोंबू न देता असं काम करणं म्हणजे काय कसब आहे. 'बो विणून काढलेला' किंवा 'बोचा आभास' असं लिहा.

कोशकिडा :
ट्विनसेटचं मी सांगतो. आत आखूड बाह्यांचा स्वेटर, वर त्याच लोकरीचा, त्याच रंगाचा कार्डिगन. १९३० च्या दशकात रूढ झालं. 'जुळा स्वेटर' सुचतंय.

आजीची पेटी :
जुळा म्हटलं की दोन सारखे वाटतात. इथे एक आत, एक बाहेर. 'ट्विनसेट'च ठेवा आणि एका वाक्यात समजवा. त्याच सुमाराचा 'स्वेटर गर्ल' हा शब्दही तुमच्या लेखात असेलच. १९३७ च्या एका चित्रपटात हॉलिवूडची नटी लाना टर्नर घट्ट स्वेटर घालून चालत गेली आणि तिला ते बिरुद चिकटलं. कपडा अंगभर झाकलेला, तरी गवगवा. वर म्हटलेल्या फंद्याचीच ही दुसरी बाजू. ताणणारी वीण अंगाला मोकळीकही देते आणि ते दाखवतेही. याचं 'स्वेटरसुंदरी' करू नका हो, त्यातला टोचरेपणा जातो.

भाषांतरकर्ती :
कबूल, केलं होतं! खोडलं. शेवटचा प्रश्न. ब्रिटनच्या राजघराण्यातल्या डायनाने १९८१ मध्ये घातलेला लाल स्वेटर, पांढऱ्या मेंढ्यांच्या ओळी आणि मध्ये एक काळी मेंढी. इंग्रजीत 'काळी मेंढी' म्हणजे घराण्यातलं वेगळं, नाव घालवणारं माणूस. इथे 'कुलांगार' लिहू का?

कोशकिडा :
मुळीच नको. मेंढी स्वेटरवर डोळ्यांनी दिसतेय, तिला कुलांगार कसं म्हणणार? मेंढी मेंढीच राहू द्या. पुढे अर्धं वाक्य जोडा, 'इंग्रजीत घरातल्या न जुळणाऱ्या माणसाला काळी मेंढी म्हणतात'. राजघराण्यात येऊ घातलेल्या मुलीने तो स्वेटर घालावा, यातली खोच वाचकाला आपोआप कळेल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तो ११ लाख डॉलरच्या वर गेला, हेही तिथेच लिहा.

उलटसुलट :
आणि फ्रेंच फॅशनकार सोनिया रिकिएल आली असेल तर तिच्या १९६० च्या दशकातल्या स्वेटरला 'तोकडा' म्हणा, 'छोटा' नको. उलट-सुलट टाक्यांच्या पट्ट्यांचा, धाकट्या भावाचा घातल्यासारखा अंगाला चिकटणारा. 'तोकडा'मध्ये ते बरोबर येतं.

भाषांतरकर्ती :
'तोकडा' पटलं. सगळ्यांचे आभार. जाता जाता, तो कार्डिगन की ते कार्डिगन?

आजीची पेटी :
ते.

कोशकिडा :
तो. स्वेटर तो, तर कार्डिगनही तो.

उलटसुलट :
आणि जर्सी ती. वाद घाला तुम्ही, माझे टाके सुटतायत.