डॉटनेट ८ केल्यापासून डीबग करताना कोड बदलता येईना

सोलापूरी_कोडर: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं बिलिंग सॉफ्टवेअर आहे, डॉटनेट (मायक्रोसॉफ्टचा सॉफ्टवेअर बनवायचा प्लॅटफॉर्म) ६ चा सपोर्ट २०२४ मध्येच संपला म्हणून ८ वर नेलं, बिल्ड होतंय, चालतंय पण, फक्त डीबग करताना (चुका शोधताना) ब्रेकपॉइंटवर, म्हणजे प्रोग्रॅम मुद्दाम थांबवायच्या ओळीवर, थांबून ओळ बदलली की बदल लागूच होत नाही, दरवेळी बंद करून परत चालू करा, लई वैताग आलाय ओ.

लूमवाला: पहिलं बघा बिल्ड डीबग (चुका शोधायला) आहे का रिलीज (ग्राहकाला द्यायला). रिलीजमध्ये कोड ऑप्टिमाइझ होतो (वेगासाठी कंपायलर तो आतून बदलतो), तिथं हे चालत नाही. आणि प्रत्येक प्रोजेक्टची फाइल उघडून बघा, मोठ्या सोल्युशनमध्ये एखाद्यात ऑप्टिमाइझ ट्रू हमखास राहिलेलं असतं, वरून डीबग दिसतं तरी.

रात्रपाळी: व्हिज्युअल स्टुडिओच्या (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरच्या) ऑप्शन्समध्ये हॉट रीलोडची (चालू प्रोग्रॅममध्येच बदल लागू करायची) टिक पण बघा. बिन, ऑब्ज फोल्डर (जुन्या बिल्डच्या फाइली) उडवून रीबिल्ड मारा. मेथडच्या आतलं बदललं तर सहसा चालतं, पण काही बदलांना रीस्टार्ट लागतोच, त्याला इलाज नाही.

सोलापूरी_कोडर: लूमवाला दादा, बिलाच्या लायब्ररीतच निघालं की ते ऑप्टिमाइझ ट्रू! काढलं, चाललं. आता जीएसटीचं राउंडिंग बघतो, ते वेगळंच दुखणं आहे.