नैराश्याचे मूळ मेंदूत शोधावे की आयुष्यात?

शोधयात्री
मनोविकारांचा विषय निघाला की मनोगतिक दृष्टिकोन (विकाराचे मूळ नेणिवेत, म्हणजे जाणिवेबाहेरच्या मनात, आणि गतायुष्यात शोधणारा) हा इतिहासजमा झालेला आणि जैविक दृष्टिकोन (ते मेंदूत आणि शरीरात शोधणारा) हाच काय तो शास्त्रीय, असे हल्ली सर्रास गृहीत धरले जाते. मला ही मांडणी अपुरी वाटते. माझ्या एका जवळच्या मित्राला नैराश्यासाठी औषधे सुरू होती आणि त्यांचा गुणही येत होता. एकदा त्याची फाइल लावून देताना माझ्या लक्षात आले की सलग चार वर्षे ऑगस्टच्या अखेरच्या चिठ्ठीवर गोळ्यांची मात्रा वाढवलेली होती. त्याचा धाकटा भाऊ ऑगस्टच्या अखेरीसच बुडून गेला होता. हे त्याने डॉक्टरांना सांगितले नव्हते, आणि मुख्य म्हणजे त्या दिवसांत ते त्याच्या स्वतःच्याही मनात येत नसे. मेंदूत काय बिघडते, हे जैविक दृष्टिकोन सांगेल. पण याच माणसाचे याच आठवड्यात का बिघडते, हे विचारण्याची सवय नेणिवेचा विचार करणाऱ्यांनीच लावली. या मनोगतिक विचाराचा जनक फ्रॉइड मुळात चेताविज्ञानाचा अभ्यासक होता. मनोव्यापार चेतापेशींच्या भाषेत मांडण्याचा आराखडा त्याने १८९५ मध्ये लिहिला, पण हयातीत कधी छापला नाही. तेव्हा हे दोन रस्ते जन्मतःच वैरी होते असेही नाही.

सुमेधा
आपल्या मित्राबद्दल मनापासून सहानुभूती आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. धडधड, हातांना कंप आणि अकारण भीती यांसाठी मी अकरा महिने मनोगतिक पद्धतीच्या उपचारांना जात होते. आईशी असलेल्या नात्यातला दबलेला राग हे त्याचे कारण ठरवण्यात आले, आणि मी ते पटत नाही म्हटले की तो माझा ‘प्रतिरोध’ मानला जाई. शेवटी रक्ततपासणीत थायरॉइड ग्रंथी अतिसक्रिय असल्याचे निघाले. होकारही पुरावा आणि नकारही पुरावा, असा सिद्धान्त चुकीचा ठरवायचा तरी कसा? विज्ञानाचा तत्त्वज्ञ पॉपर याचा आक्षेप नेमका हाच होता. एके काळी वेड म्हणून गणल्या गेलेल्या विकारांपैकी एक मेंदूतल्या उपदंशाच्या जंतूंमुळे होतो, हे नोगुची आणि मूर यांनी १९१३ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. उलट १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मनोविश्लेषकेने ‘स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई’ ही कल्पना मांडली, आणि आजारी मुलांच्या कितीतरी आयांनी तो दोष वर्षानुवर्षे वाहिला. हे नुकसान मला किरकोळ वाटत नाही.

निरंजन
सुमेधाताई, आपला अनुभव गंभीर आहे, आणि शारीरिक तपासणी आधी व्हायला हवी याबद्दल दुमत असूच नये. पण हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंचा मांडावा लागेल. मेंदूचा पुढचा भाग छेदणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी पोर्तुगीज चेताविशेषज्ञ मोनिझ यांना १९४९ चे नोबेल मिळाले, आणि त्या शस्त्रक्रियेने असंख्य माणसे कायमची निस्तेज झाली. ‘सेरोटोनिन कमी पडल्याने नैराश्य येते’ हे वाक्य लोकांना तोंडपाठ आहे. २०२२ मधल्या एका व्यापक आढाव्याला त्यासाठी सुसंगत पुरावा आढळला नाही. (गोळ्या निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ कृपया कोणी काढू नये.) शिवाय जन्मानंतर आईने पुरेसे चाटून-पुसून न वाढवलेल्या उंदरांच्या पिलांत ताण आवरणाऱ्या एका जनुकाचे कार्य मोठेपणीही मंदावलेले राहते, हे मीनी या संशोधकाच्या गटाने २००४ मध्ये दाखवले. म्हणजे संगोपन हीदेखील जैविक घटनाच झाली. म्हणूनच शोधयात्री यांनी केलेली ‘काय बिघडते’ आणि ‘का बिघडते’ ही वाटणीही मला फार सोयीची वाटते.

सुमेधा
उंदरांच्या पिलांवरून बालपणाचा ठसा सिद्ध होतो, दमन (नकोशा भावना नकळत मनात दाबून ठेवणे) किंवा नेणीव सिद्ध होत नाही. तो विजय फ्रॉइडच्या खात्यावर जमा करता येणार नाही. आणि मित्राच्या बाबतीत मला साधी शंका आहे: दर वर्षी ठरावीक काळात बळावणारे नैराश्य ऋतुबदलामुळेही असू शकते. भावाचा मृत्यू हेच कारण, हे आपण कशावरून ठरवले?

शोधयात्री
ठरवता येत नाही, हे मान्य करतो. एका माणसाच्या फाइलवरून सिद्धान्त उभा राहत नाही. निरंजन यांचा वाटणीवरचा आक्षेपही मला पटला. मात्र माझा मुद्दा सिद्धतेचा नसून चौकशीचा होता. चार वर्षांत ऋतूही कोणी विचारला नाही आणि भावाबद्दलही नाही. फक्त मात्रा वाढली. मी दाखवल्यावर मित्राने ती तारीख डॉक्टरांना सांगितली. त्यांनी औषध बंद केले नाही, पण ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात अर्ध्या तासाची वेगळी भेट ठेवली. त्या भेटीत तो भावाविषयी पहिल्यांदा बोलला. त्या वर्षीच्या चिठ्ठीवर मात्रा तीच आहे. यात औषधाचा वाटा किती आणि बोलण्याचा किती, हे मला सांगता येणार नाही, आणि त्यालाही नाही.