मार्टमध्ये जावा, पण बिल बघून घ्या

कुणीतरी म्हटलंय की मार्ट आल्यापासून रविवार पेठेत, म्हणजे किराणा बाजारात, जायची गरजच उरली नाही, ते अर्धंच खरं बघा. साबण, तेल, बिस्किटं तिथं स्वस्त पडतात, आमचंपण महिन्याचं सामान तिथूनच येतंय, पण मागच्या महिन्यात रॅकवर तूरडाळीला १४८ चं लेबल आणि बिलात १६२, विचारलं तर पोरगं म्हणतंय ऑफर काल संपली, लेबल काढायचं राहिलंय, मागं ही लांब लाइन, कोण भांडत बसणार? आणि मोठं पाकीट स्वस्तच असतंय असं काय नाही, एमआरपीजवळ ग्रॅमचा नाहीतर किलोचा भाव बारीक छापलेला असतोय तो बघा की. बेळगाव बासमती मात्र मी अजून पेठेतूनच घेतो, मूठभर तळहातावर घेऊन वास बघू देतात, वर उधारीपण चालते.