जोखमीच्या औषधांसाठी फार्मासिस्टना वेगळं प्रशिक्षण सक्तीचं करावं का?

कृष्णाकाठ (सांगली)
संधिवाताला मेथोट्रेक्सेटची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घसरतात, माणूस दगावूही शकतो. आपल्याकडं चिठ्ठी म्हटलं की १-०-१, म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ, बघायची सवय, त्यात ही एकटीच वेगळी. जत, कवठेमहांकाळकडनं, पलीकडच्या अथणीकडनं पेशंट मिरजेला येतात. डॉक्टरांसमोर पाच मिनिटं बसतात, मेडिकलमधनं औषधं घेतात आणि एसटी गाठतात. म्हणजे त्या माणसाशी शेवटचं बोलतो तो मेडिकलवाला.

म्हणून मेथोट्रेक्सेट, रक्त पातळ करायची वॉरफरिन, इन्सुलिन, फिटची औषधं, किडनी बदललेल्यांची टॅक्रोलिमस, कॅन्सरच्या गोळ्या, निदान एवढ्यांपुरतं फार्मासिस्टला वेगळं शिकवलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. डी. फार्मला, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाला, ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण असतं, त्यातले २५० तास चिठ्ठीप्रमाणे औषध देण्याचे. पण या पेशंटशी बोलायचं कसं, हे हॉलमधल्या भाषणानं येत नाही. मिरजेच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत महिनाभर बसवा. 'कळलं का?' विचारलं की प्रत्येकजण मान हलवतो. त्याऐवजी 'आता तुम्ही मला सांगा, ही गोळी कधी घेणार?' असं विचारायला शिकवा. 'तुमच्या गावचा बाजार कुठल्या वारी? मग त्याच वारी घ्या,' असं सांगून पाकिटावर तो वार मोठ्या अक्षरात लिहून द्या. जतच्या पूर्व भागातला माणूस असेल तर कन्नडमध्ये.

काउंटरमागून (विटा)
दादा, तळमळ पोचली. पण महिनाभर मी मिरजेला बसलो तर दुकान कोण उघडणार? मी एकटाच फार्मासिस्ट आहे. सरकारनं दर बांधलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के मार्जिन. त्यात भाडं, लाईट बिल, पोरांचा पगार. वर ऑनलाईनवाल्यांची सवलत बघून गिऱ्हाईक आमच्याशी घासाघीस करतं. दहा मिनिटं समजावून सांगितल्याचा एक रुपया कुणी देत नाही. आधी सल्ल्याची फी ठरवा, मग सक्तीचं बोला. नाहीतर प्रशिक्षण न घेताच प्रमाणपत्रं विकत मिळायला लागतील.

ओपीडीतून (मिरज)
डॉक्टर म्हणून माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. काउंटरवर दुष्परिणाम ऐकले की पेशंट घाबरून औषधच बंद करतो. फिटची गोळी एकदम थांबवली तर झटके उसळतात आणि मग रात्री-अपरात्री आमच्याकडं आणतात. अर्धवट माहितीचा सल्ला नसलेला बरा. 'आठवड्यातून एकदा, फक्त रविवारी' असं चिठ्ठीवर सुवाच्य लिहिणं हे आमचं काम आहे. सक्ती करायचीच तर आधी आम्हा डॉक्टरांवर करा.

कृष्णाकाठ (सांगली)
डॉक्टरसाहेब, डोस बदलायचा अधिकार कुणी मागितलाच नाही. शंका आली तर तुम्हाला फोन करायचा, इतकंच. आणि घाबरवायचं नाही, हे तरी शिकवल्याशिवाय कसं येणार?

सगळं चिठ्ठीत मावतही नाही. आपल्याकडं इन्सुलिनची शिशी बहुतेक ४० युनिटची, म्हणजे एका मिलीलीटरला ४० युनिट, अशी असते, तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधलं इन्सुलिन १०० युनिटचं. ४० च्या शिशीबरोबर १०० ची सिरिंज दिली आणि पेशंटनं २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. उलटी गफलत झाली तर अडीचपट जातं, साखर उतरून माणूस बेशुद्ध पडतो. तुम्ही युनिट बरोबरच लिहिलेले असतात. सिरिंज हातात ठेवणारा काउंटरवर असतो.

तासगावची लेक
माझ्या वडिलांची हृदयाची झडप बदलली आहे, वॉरफरिन चालू आहे. गुडघे धरले म्हणून गावातल्या एका मेडिकलमधून पेनकिलर आणल्या. चार दिवसांत काळी शी व्हायला लागली, ॲडमिट करावं लागलं. 'रक्त पातळ करायचं काही घेताय का?' एवढं जरी कुणी विचारलं असतं! पण गोळ्या देणारा पोरगा बारावी झालेला. फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर, तो माणूस मी कधी पाहिलेला नाही.

१९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय दुसऱ्या कुणी चिठ्ठीवरचं औषध द्यायचं नाही. ते आधी पाळायला लावा. काउंटरवर नसलेल्या माणसाला शिकवून आमचा काय फायदा?

फार्म डीवाला (पलूस)
ताईंशी शंभर टक्के सहमत. पण शिकलेली माणसं तयार आहेत, हेही सांगतो. फार्म डी, म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी, २००८ पासून आहे, सहा वर्षांचा कोर्स, शेवटचं वर्ष पूर्ण हॉस्पिटलमध्ये. वॉरफरिनबरोबर काय चालत नाही, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) कितीवर ठेवायचा, हेच आम्ही वॉर्डात बसून शिकतो. आणि नोकरी? बरेचजण औषध कंपन्यांत डेटा भरतात. प्रत्येक दुकानदाराला महिनाभर बसवण्यापेक्षा प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आमच्यातला एक नेमा. अडलं की मेडिकलवाल्यांनी त्याला फोन करावा.

काउंटरमागून (विटा)
ताई, भाड्याच्या सर्टिफिकेटबद्दल बोललात ते खरं आहे. त्या धंद्यानं आमच्यासारख्या स्वतः उभं राहणाऱ्यांचं नाव खराब होतं, अशांचं लायसन खुशाल रद्द करा. सक्तीला मात्र माझा विरोध कायम. फोनची सोय झाली तर वापरणारा पहिला मी असेन. फक्त माझ्या दुकानात गर्दी होते संध्याकाळी सातनंतर, शेतातनं माणसं परतल्यावर. त्या वेळी सरकारी दवाखान्यात फोन उचलायला कोण असणार, आणि त्यानं सांगितलेलं चुकलं तर नोटीस कुणाच्या नावानं येणार, तेवढं आधी ठरवा.